चिकित्सालयीन मानसशास्त्राची प्रयोगशाळा आणि भाषेचा प्रश्न

१

विद्यापीठातील चिकित्सालयीन मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेचा परिचय करून देण्याची एक ठरलेली रीत आहे. प्रथम संचालकाचे नाव, त्यानंतर सहकाऱ्यांची व संशोधक विद्यार्थ्यांची नावे, आणि प्रत्येक नावापुढे त्या त्या व्यक्तीचे संशोधनविषय. विषाद, चिंता, मुलांच्या अध्ययनातील अडचणी, आघातानंतरचे मनोविकार, व्यसनाधीनता, उपचारांची परिणामकारकता असे ते विषय असतात. या सूचीत भाषा हा विषय सहसा आढळत नाही. वास्तविक प्रयोगशाळेच्या दारातून आत येणारी सामग्री बहुतांशी शब्दरूपच असते. रुग्ण आपले गाऱ्हाणे बोलून सांगतो, कसोटीतील प्रश्न वाचून किंवा ऐकून समजावून घेतो, उत्तर शब्दांनी देतो, आणि उपचारही पुष्कळदा संभाषणाच्याच रूपाने होतो. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेने काचपात्राच्या गुणधर्मांचा विचार करू नये, आणि द्रव्याचा म्हणून नोंदलेला गुण कदाचित पात्राचाच असेल अशी शंकाही घेऊ नये, तसा हा प्रकार आहे.

हे असे का झाले, आणि त्याचा परिणाम काय झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी विद्यापीठांशी संलग्न अशा तीन जुन्या संस्था निवडल्या आहेत: पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मानसशास्त्रीय चिकित्सालय, झुरिकचे बुर्गहोल्झली रुग्णालय, आणि कार्ल रॉजर्स यांची ओहायो व शिकागो येथील संशोधनकेंद्रे. या तिन्ही ठिकाणी भाषा कामाच्या ऐन मध्यभागी आली होती. आणि तिन्ही ठिकाणी ती पुन्हा दृष्टीआड झाली. हा इतिहास नीट पाहिला, तर आज मराठी भाषकांवर वापरल्या जाणाऱ्या कसोट्यांसंबंधी काही प्रश्न स्पष्टपणे विचारता येतात. ते विचारण्यासाठीच हा खटाटोप आहे.

२

चिकित्सालयीन मानसशास्त्राचा आरंभ १८९६ च्या मार्च महिन्यात फिलाडेल्फिया येथे झाला असे मानण्याचा प्रघात आहे. मार्गारेट मॅग्वायर या शाळाशिक्षिकेने आपल्या एका विद्यार्थ्याला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील लाइटनर विटमर यांच्याकडे आणले. चौदा वर्षांचा हा मुलगा इतर विषयांत बुद्धीने बरा होता. परंतु त्याचे शुद्धलेखन काही केल्या सुधारत नव्हते. विटमर यांनी तपासणी केली. डोळ्यांत दोष असल्याचे आढळल्यावर चष्म्याची व्यवस्था झाली, आणि त्यानंतर शब्द ओळखण्याचे व लिहिण्याचे दीर्घ शिक्षण त्याला देण्यात आले. १९०७ साली विटमर यांनी ‘द सायकॉलॉजिकल क्लिनिक’ हे नियतकालिक काढले, तेव्हा या मुलाची हकीकतही त्यात सविस्तर प्रसिद्ध केली. चिकित्सालयीन मानसशास्त्राचा पहिला रुग्ण विषादाचा नव्हता, भ्रमाचाही नव्हता. तो शब्दांच्या लिखित रूपाचा रुग्ण होता, ही गोष्ट भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

याच नियतकालिकाच्या पहिल्या अंकात विटमर यांनी नव्या शाखेच्या नावाची चर्चा केली. ‘क्लिनिकल’ हा शब्द आपण वैद्यकाकडून उसना घेतला आहे, कारण आपल्या पद्धतीचे स्वरूप दर्शविणारा याहून बरा शब्द सापडला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. या शब्दाचे मूळ ग्रीक भाषेत असून तेथे त्याचा संबंध शय्येशी आहे. रोग्याच्या शय्येजवळ बसून एकेका रोग्याचे निरीक्षण करणे, हा त्याचा वैद्यकातील अर्थ. विटमर यांना अभिप्रेत असलेला भाग रोग हा नव्हता, तर ‘एकेका व्यक्तीचे निरीक्षण’ हा होता. मराठीत आपण दोन प्रतिशब्द चालवितो: ‘चिकित्सालयीन’ आणि ‘नैदानिक’. पहिल्यात स्थळावर भर आहे, दुसऱ्यात रोगाच्या निश्चितीवर. व्यक्तीच्या निरीक्षणाचा अर्थ दोहोंतही थेट येत नाही. तथापि ‘चिकित्सा’ या शब्दाचा मराठीतील वापर पाहिला, तर एक वेगळीच अनुकूलता दिसते. संस्कृत वैयाकरण हा शब्द ‘कित्’ धातूला इच्छार्थक प्रत्यय लावून साधतात. आधुनिक व्युत्पत्तिकार त्याचा संबंध लक्ष देणे, जाणणे या अर्थाच्या ‘चित्’ धातूशी जोडतात. मराठीत तर औषधोपचाराबरोबरच बारकाईने परीक्षण करणे हाही अर्थ रूढ आहे. ‘चिकित्सक वृत्ती’ असे आपण म्हणतो, आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या आवृत्तीला ‘चिकित्सित आवृत्ती’ म्हणतो. पाठभेद तपासल्यावाचून संहितेचा निर्णय करावयाचा नाही, ही त्या चिकित्सेची शिस्त होय. रुग्णाच्या शब्दांबाबत हीच शिस्त प्रयोगशाळेत कितपत पाळली जाते, हा पुढचा प्रश्न आहे.

विटमर यांच्या सहकाऱ्यांत एडविन ट्विटमायर यांचे नाव येथे आवर्जून घेतले पाहिजे. गुडघ्याच्या प्रतिक्षिप्त क्रियेवरील त्यांच्या १९०२ च्या प्रबंधात, पावलॉव्ह यांच्याहून स्वतंत्रपणे, अभिसंधानाचा शोध नोंदलेला आहे. पण १९०४ साली अमेरिकन मानसशास्त्रीय परिषदेत त्यांनी तो मांडला असता कोणी त्याची दखल घेतली नाही. पुढे १९१४ पासून चिकित्सालयातील वाचादोषांचा विभाग त्यांच्याकडे आला, आणि १९३७ साली विटमर निवृत्त झाल्यावर संपूर्ण चिकित्सालयाची सूत्रेही त्यांच्या हाती आली. अर्थात या संस्थेत शुद्धलेखन, वाचन आणि उच्चार हे आरंभापासूनचे संशोधनविषय होते. मात्र भाषा येथे आली ती दोषाच्या रूपाने. मूल शब्द चुकते म्हणून शब्दाकडे पाहावयाचे. जे मूल चुकत नाही, त्याचे शब्द पारदर्शक समजावयाचे. अडखळणाऱ्या मुलाची भाषा हा अभ्यासविषय ठरला, आणि न अडखळणाऱ्याची भाषा हे केवळ साधन राहिले. ही विभागणी पुढे फार दृढ झाली.

हिचे एक कारण लाइपझिगमध्ये शोधावे लागते. विटमर हे विल्हेल्म वुंट यांचे शिष्य; त्यांची डॉक्टरेट १८९२ मधील वुंट यांच्या प्रयोगशाळेतील आहे. वुंट यांनी मानसशास्त्राचे दोन भाग पाडले होते. संवेदना, प्रतिक्रियाकाल यांसारख्या साध्या क्रिया प्रयोगशाळेत तपासावयाच्या. भाषा, मिथ्यकथा, रूढी या सामुदायिक गोष्टी प्रयोगाच्या आवाक्याबाहेरच्या, म्हणून त्यांचा अभ्यास लोकमानसशास्त्रात करावयाचा. या दुसऱ्या भागाचा भाषेवरील खंड १९०० साली प्रसिद्ध झाला. शिष्यांनी घरी नेले ते पहिले मानसशास्त्र. दुसऱ्याचा वारसा काही काळ भाषाशास्त्रज्ञांकडे गेला: लेनर्ड ब्लूमफील्ड यांच्या १९१४ च्या ग्रंथावर वुंट यांची छाप स्पष्ट आहे. पण १९३३ च्या ‘लँग्वेज’ या ग्रंथात ब्लूमफील्ड यांनी ती पुसून टाकली, आणि मानसशास्त्राच्या कोणत्याही एका पंथावर भाषाशास्त्राने अवलंबून राहू नये अशी भूमिका घेतली. एकाच गुरुकुलातून निघालेल्या दोन शाखांनी अशी परस्परांकडे पाठ फिरविली. प्रयोगशाळेला भाषा दिसत नाही हा दोष एकट्या मानसशास्त्राचा नव्हे; त्यात आपल्या शास्त्राचाही वाटा आहे.

३

झुरिक विद्यापीठाचे मनोरुग्णचिकित्सालय म्हणजे बुर्गहोल्झली. ऑयगेन ब्लॉयलर हे १८९८ ते १९२७ पर्यंत त्याचे संचालक होते. कार्ल युंग तेथे १९०० च्या अखेरीस रुजू झाले आणि १९०९ पर्यंत राहिले. फ्रान्झ रिक्लिन यांच्यासह त्यांनी शब्दसाहचर्याचे जे प्रयोग केले, ते १९०४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. प्रयोगाची रीत सर्वपरिचित आहे. प्रयोगकर्ता एक शब्द उच्चारतो. प्रयुक्ताने मनात येणारा पहिला शब्द सांगावयाचा. मध्ये गेलेला काळ घड्याळाने मोजावयाचा. उत्तर लांबले, चुकले, किंवा चमत्कारिक आले, तर त्या शब्दाच्या मागे भावनेने भारलेला एखादा विचारव्यूह दडला असावा असे अनुमान करावयाचे. ‘गंड’ या आज घरोघर पोहोचलेल्या कल्पनेच्या प्रचाराला या प्रयोगांनी मोठा हातभार लावला.

या प्रयोगांचे एक भावंड आज विस्मृतीत गेले आहे. १९०१ साली वुर्ट्सबुर्ग येथील मानसशास्त्रज्ञ कार्ल मार्बे आणि तुलनात्मक भाषाशास्त्रज्ञ आल्बर्ट थुंब यांनी मिळून साहचर्याचेच प्रयोग केले. परंतु त्यांचा प्रश्न निराळा होता. भाषेत एका शब्दाच्या धर्तीवर दुसऱ्या शब्दाचे रूप बदलते, त्या सादृश्यप्रक्रियेचा मानसिक पाया कोणता, हे त्यांना पाहावयाचे होते. अनेकांकडून मिळणारा प्रतिसाद हा अधिक जलदही मिळतो, हा त्यांचा निष्कर्ष पुढे मार्बे यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. म्हणजे प्रतिसादाचा वेग पुष्कळ अंशी भाषेतील रूढीने ठरतो, व्यक्तीच्या अंतर्यामातील खळबळीने नव्हे. युंग यांच्या अनुमानाला ही आवश्यक मर्यादा होती. कोणता प्रतिसाद त्या भाषेत सर्वसामान्य आहे हे आधी ठाऊक असल्यावाचून कोणता असामान्य हे सांगता येणार नाही. न्यूयॉर्क राज्यातील ग्रेस केंट आणि आरन रोझानॉफ यांनी १९१० साली १००० निरोगी व २४७ मनोरुग्ण व्यक्तींचे १०० शब्दांवरील प्रतिसाद प्रसिद्ध केले, ते ही उणीव भरून काढण्यासाठीच. त्यांच्या कोष्टकांचे महत्त्व मोठे आहे. मात्र ती इंग्रजीची कोष्टके आहेत, हे विसरून चालणार नाही.

भाषेच्या दृष्टीने आणखी दोन आक्षेप नोंदवावेसे वाटतात. पहिला बोलीविषयी. झुरिकचा मनुष्य घरी, बाजारात आणि मित्रांत अलेमानिक बोली बोलतो. लेखनात प्रमाण जर्मन वापरतो. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली भाषाद्वैताची संकल्पना मांडली, तेव्हा घेतलेल्या चार उदाहरणांपैकी एक हेच होते. लहानपणचा राग, भय, लाज ही ज्या भाषेत अनुभवली ती एक, आणि उद्दीपक शब्द ज्या भाषेतला तो दुसरी, अशी स्थिती असेल, तर उत्तराला झालेला विलंब गंडाचा की भाषांतराचा, हे घड्याळ सांगू शकत नाही.

दुसरा आक्षेप प्रतिसादांच्या वर्गीकरणाविषयी आहे. उद्दीपक शब्दाशी केवळ नादाने जुळणारा प्रतिसाद हा या वर्गीकरणात खालच्या पायरीचा गणला जातो. थकव्यात असे प्रतिसाद वाढतात हे आशाफेनबुर्ग यांनी दाखविले होते, आणि उन्मादाच्या वर्णनांतही त्यांना स्थान आहे. आता मराठी भाषकाला ‘पाणी’ हा शब्द दिला आणि तो ‘बिणी’ म्हणाला, तर काय नोंद करावयाची? ‘पाणीबिणी’, ‘भाकरीबिकरी’, ‘पुस्तकबिस्तक’ हे आपल्या व्याकरणातील अंशाभ्यस्त शब्द आहेत. त्यांत नाद आहे तसा अर्थही आहे: ‘पाणी आणि तत्सम काही’. ‘बिणी’ हा प्रतिसाद देणारा मनुष्य नादामागे भरकटलेला नसून, आपल्या भाषेतील एक नियमित शब्दघटना पूर्ण करीत असतो. इंग्रजी किंवा जर्मन कोष्टक समोर ठेवून बसलेल्या परीक्षकाच्या वहीत मात्र तो एका लक्षणाची भर घालील. भारतीय भाषांत ही प्रक्रिया सर्वत्र आढळते. म्हणून हा अपवादाचा प्रश्न नव्हे.

४

तिसरी संस्था अधिक जवळची वाटते, कारण तिने रुग्णाचे शब्द जसेच्या तसे जपले. १९४० साली कार्ल रॉजर्स ओहायो राज्य विद्यापीठात आले. तेथे त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी उपचारसंभाषणे ध्वनिमुद्रिकांवर उतरविण्याची व्यवस्था केली. १९४२ च्या त्यांच्या ग्रंथात आठ भेटींचे एक संपूर्ण उपचारसंभाषण छापलेले आहे. तोपर्यंत जे चार भिंतींच्या आत घडे आणि नंतर उपचारकाच्या स्मरणातून लिहिले जाई, ते आता कोणालाही वाचता व पडताळता येऊ लागले. ही घटना मानसोपचाराच्या इतिहासात महत्त्वाची आहेच. संभाषणाच्या अभ्यासाच्या इतिहासातही तिला मोठे स्थान द्यावयास हवे.

१९४५ ते १९५७ या काळात रॉजर्स शिकागो विद्यापीठात होते. तेथील संशोधनाचा संग्रह रोझालिंड डायमंड यांच्यासह १९५४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील एक अभ्यास बटलर आणि हेग यांचा. ‘मी’ने आरंभ होणारी स्वतःविषयीची शंभर विधाने शंभर पत्त्यांवर लिहून, ती ‘माझ्याशी जुळणारी’ ते ‘न जुळणारी’ अशा क्रमाने लावावयास सांगत. मग तेच पत्ते ‘मी जसा असावा असे मला वाटते’ या दृष्टीने पुन्हा लावावयाचे. पंचवीस व्यक्तींच्या बाबतीत या दोन मांडण्यांतील सहसंबंध उपचारांपूर्वी सरासरीने जवळजवळ शून्य होता, तो उपचारांनंतर ०.३४ झाला. स्वतःविषयीची कल्पना आणि आदर्श यांतील अंतर कमी झाले, असा निष्कर्ष त्यावरून निघाला.

हे काम प्रामाणिक आहे, आणि ज्या काळी उपचारक आपल्या यशाचे दाखले आठवणींतून देत, त्या काळी ते धाडसाचेही होते. पण येथे एक उलटापालट झाली, तिच्याकडे लक्ष वेधले पाहिजे. ज्या गटाने शब्दन् शब्द ध्वनिमुद्रित केला, त्यानेच मोजणीची वेळ आली तेव्हा पुष्कळदा बोललेली वाक्ये बाजूला ठेवून छापील पत्ते हाती घेतले. आणि जेथे संभाषणांचे वर्गीकरण केले, तेथे ‘भावनेचे स्पष्टीकरण’, ‘अनुमोदन’, ‘प्रश्न’ असे आशयाचे कप्पे वापरले. स्वर कोठे चढला, वाक्य कोठे तुटले, कोणता शब्द परत घेतला, हे मुद्रिकेवर होते. कोष्टकात आले नाही.

भाषाशास्त्रज्ञांनी हे काम १९६० मध्ये करून पाहिले. पिटेंजर, हॉकेट आणि डेनही यांनी ‘द फर्स्ट फाइव्ह मिनिट्स’ या ग्रंथात एका मनोविकारविषयक मुलाखतीच्या केवळ पहिल्या पाच मिनिटांचे विश्लेषण केले. श्वास, विराम, स्वराचे चढउतार, शब्दांची ओढ यांची नोंद करीत ते एका ग्रंथाएवढे झाले. पुढे १९७७ साली विल्यम लबॉव्ह आणि डेव्हिड फॅनशेल यांनी उपचारसंभाषणातील पंधरा मिनिटांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि विनंती, नकार, आव्हान या कृती वाक्यांच्या वरवरच्या रूपाखाली कशा चालतात हे दाखविले. हे दोन्ही ग्रंथ आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य अभ्यासावेत. परंतु निःपक्षपातीपणे बोलावयाचे तर त्यांची मर्यादाही उघड आहे. पाच मिनिटांना एक ग्रंथ लागत असेल, तर रोज अनेक रुग्ण पाहणाऱ्या चिकित्सालयाने त्याचे काय करावे? प्रयोगशाळेने सोय पाहून भाषा गाळली, आणि भाषाशास्त्राने पूर्णतेच्या हव्यासापायी सोय गाळली. दोहोंच्या मधली जागा मोकळीच राहिली.

५

आता हा प्रश्न आपल्या भाषेच्या संदर्भात पाहू. मराठीशी त्याचा संबंध जुना आहे. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन कसोटीचे कानडी व मराठी मुलांसाठी रूपांतर केले. त्यासंबंधीचा त्यांचा लेख १९३४ साली आणि ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. ‘बिने-कामत’ या नावाने ही कसोटी भारतातील चिकित्सालयांत दीर्घकाळ वापरली गेली आहे. कसोटी मुलाच्या भाषेतच घेतली पाहिजे, हे तत्त्व त्यांनी त्या काळी कृतीने मान्य केले, याबद्दल मराठी अभ्यासकांनी त्यांचे ऋण मानले पाहिजे.

मात्र कसोटीचे भाषांतर झाल्याने तिची कठीणता भाषांतरित होत नाही. टर्मन यांच्या १९१६ च्या स्टॅनफर्ड आवृत्तीत यमक जुळविण्याचा प्रश्न नऊ वर्षांच्या मुलांसाठी, विसकटलेल्या शब्दांतून वाक्य लावण्याचा प्रश्न बारा वर्षांच्या मुलांसाठी आणि वीसपासून उलटे आकडे म्हणण्याचा प्रश्न आठ वर्षांच्या मुलांसाठी आहे. इंग्रजीत यमक शोधण्यासाठी शब्दसंग्रह धुंडाळावा लागतो. मराठीत ‘करतो, मरतो, फिरतो’ अशी क्रियापदाची रूपेच यमके पुरवितात. इंग्रजीत शब्दांचा क्रम हाच बहुधा कर्ता-कर्माचा निर्णय करतो, म्हणून क्रम लावणे ही कसोटी ठरते. मराठीत विभक्तिप्रत्यय ते काम करतात, आणि एकाच शब्दसमूहातून दोन-तीन निर्दोष वाक्ये होऊ शकतात. उलट मोजताना मराठी मुलाला ‘वीस’नंतर लगेच ‘एकोणीस’ लागते, आणि त्या शब्दात ‘वीसला एक उणा’ हा अर्थ दडलेला आहे. यांतील कोणता प्रश्न सोपा होतो आणि कोणता अवघड, हे बसल्या जागी सांगता येणार नाही. पण मूळ वयोमर्यादा जशीच्या तशी राहील असे गृहीत धरण्यास आधार नाही. आणि हे केवळ तात्त्विक नव्हे. या प्रश्नांच्या बेरजेवर एखाद्या मुलाला ‘मंदबुद्धी’ हा शिक्का बसतो, आणि त्याची शाळा बदलते. ते मूल घरी अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी बोलत असेल आणि कसोटी पुस्तकी मराठीत असेल, तर झुरिकचा प्रश्न येथे दुप्पट तीव्रतेने उभा राहतो.

प्रौढांच्या बाबतीत प्रश्नावल्यांचा विचार करावा लागतो. विषादमापनाची सुप्रसिद्ध प्रश्नावली आरन बेक यांनी १९६१ साली प्रसिद्ध केली. योगायोगाने तीही पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातलीच. तिच्यातील एकवीस विषय त्यांनी उपचाराधीन रुग्णांच्या प्रत्यक्ष तक्रारींतून निवडले होते. ही तिची मोठी जमेची बाजू होय. पण त्याचाच अर्थ असा, की ती फिलाडेल्फियातील इंग्रजी भाषकांच्या गाऱ्हाण्यांचा संग्रह आहे. तिचे मराठी भाषांतर करणे म्हणजे मराठी माणसाला दुसऱ्याच्या गाऱ्हाण्याशी आपले गाऱ्हाणे ताडून पाहावयास सांगणे.

‘डिप्रेशन’ या एका शब्दाचे उदाहरण घ्यावे. मराठीत त्यासाठी ‘नैराश्य’, ‘औदासीन्य’ आणि ‘विषाद’ असे तीन प्रतिशब्द चालतात. ‘नैराश्य’ निराशेपासून आले. त्यात आशा नष्ट होणे हा अर्थ आहे. ‘उदासीन’ म्हणजे मुळात दूर, अलिप्त बसलेला; ‘औदासीन्या’त म्हणूनच दुःखापेक्षा अनास्थेचा अर्थ बळकट आहे. ‘विषाद’ हा खचून जाण्याचा अर्थ देतो, पण तो ग्रंथांत राहिला. गीतेच्या पहिल्या अध्यायाच्या नावामुळे तो सुशिक्षितांना ओळखीचा आहे, इतकेच. आता विषादमापनाच्या प्रश्नावल्यांत खिन्नता, हताशा आणि अनास्था ही तीन लक्षणे अलग अलग मोजावयाची असतात. भाषांतरात ‘नैराश्य’ घातले की पहिले लक्षण दुसऱ्यात मिसळते. ‘उदास’ घातले की पहिले तिसऱ्यात मिसळते. मग घटक-विश्लेषणात ही लक्षणे एकत्र आढळली, तर तो मराठी मनाचा गुण समजावयाचा की भाषांतरकाराच्या निवडीचा?

वाक्यरचनेचाही विचार करावा लागतो. मराठीत भावना बहुधा चतुर्थीच्या रचनेत येते: ‘मला वाईट वाटते’, ‘मला भीती वाटते’. किंवा ‘मी’ला पूर्ण बाजूला सारून ‘जीव कासावीस होतो’, ‘कशात मन लागत नाही’, ‘डोके जड होते’ असे म्हटले जाते. यावरून मराठी माणूस आपल्या भावनेची जबाबदारी घेत नाही, असा निष्कर्ष काढणे हा बालिशपणा ठरेल. व्याकरणाच्या रचनेवरून समाजाचा स्वभाव ठरविण्याच्या मोहाने आपल्या शास्त्राचेही पूर्वी नुकसान केले आहे. मुद्दा एवढाच आहे, की ‘मी’ने सुरू होणारी विधाने ही स्वाभाविक मराठीचा नमुना नव्हेत, आणि त्यांना दिलेला प्रतिसाद कृत्रिम वाक्याला दिलेला प्रतिसाद असू शकतो. शिवाय प्रथमपुरुषी क्रियापदात लिंग येते: ‘मी रडतो’ की ‘मी रडते’? पुल्लिंगी रूपाची छापील प्रश्नावली स्त्रीच्या हाती दिली, तर ते विधान आपल्याविषयीचे नाही असे वाटण्यास आरंभीच जागा होते. उपचारकाला तर त्याहीपूर्वी ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांतून निवड करावी लागते. रॉजर्स यांना अभिप्रेत असलेली समान पातळी इंग्रजीतील एका सर्वनामाला विनासायास साधते; मराठीत ती वय, जात, शिक्षण व नाते यांचा हिशेब करून साधावी लागते.

भाषांतराची शुद्धता पारखण्यासाठी रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० साली सुचविलेली प्रतिभाषांतराची पद्धत आज सार्वत्रिक झाली आहे. मराठी मसुदा पुन्हा इंग्रजीत उतरवून मुळाशी जुळतो का ते पाहावयाचे. ही खबरदारी योग्य आहे, पण अपुरी आहे. दोन द्विभाषिक विद्वान कोशातील समीकरणावर एकमत झाले, की पद्धतीचे समाधान होते. ‘नैराश्य’ आणि ‘डिप्रेशन’ हे समीकरण दोघांनी एकाच कोशातून घेतलेले असते. शेतावर काम करणारी बाई आपले दुखणे कोणत्या शब्दांनी सांगते, हे त्या फेरीत कोठेच विचारले जात नाही.

६

याला उपाय नाही असे नव्हे. उलट दिशेने आरंभ करता येतो, याचे एक उत्तम उदाहरण आफ्रिकेतून मिळते. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी झिम्बाब्वेमधील हरारे येथे काम करीत होते. त्यांनी तयार प्रश्नावली शोना भाषेत आणण्याऐवजी, लोक आपली व्यथा कशी सांगतात तेथून सुरुवात केली. ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अतिविचार करणे, हा शोना भाषकांचा शब्द त्यांनी लक्षण म्हणून आणि कारण म्हणून नीट तपासला. आणि १९९७ साली चौदा प्रश्नांची शोना लक्षणप्रश्नावली प्रसिद्ध झाली. हा शब्द २०१३ च्या अमेरिकन मनोविकारसूचीच्या पाचव्या आवृत्तीतही सांस्कृतिक व्यथासंकल्पनांत नोंदला गेला आहे. पटेल यांचे पुढील काम गोव्यात, १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगथ’ या संस्थेच्या द्वारा झाले, हा आपल्या प्रदेशाशी असलेला प्रत्यक्ष दुवा होय. भाषेकडे पाहिल्याने शास्त्रीयता उणावत नाही. मोजावयाची वस्तू मात्र अधिक निश्चित होते, हे या कामाने दाखविले आहे.

त्यावरून आपल्या विभागांपुढे तीन कामे मांडता येतील. पहिले, मराठीच्या निदान चार-पाच बोलींतून मनोव्यथेची शब्दसंपत्ती गोळा करणे: शब्दकोशातून नव्हे, तर बोलण्यातून; संमती घेऊन ध्वनिमुद्रित केलेल्या आणि ओळख पुसलेल्या संभाषणांतून. दुसरे, केंट व रोझानॉफ यांच्या धर्तीवर मराठी शब्दसाहचर्याची कोष्टके तयार करणे; त्यात अंशाभ्यस्त प्रतिसादांचा स्वतंत्र वर्ग असावा, आणि प्रतिसाद देणाऱ्याची घरची बोली नोंदलेली असावी. तिसरे, वापरात असलेल्या प्रत्येक मराठी कसोटीबरोबर भाषिक टिपणी जोडणे: कोणता प्रश्न भाषांतरात सोपा झाला असण्याचा संभव आहे, कोणत्या विधानात दोन लक्षणे मिसळली आहेत, क्रियापदांच्या लिंगाची आणि सर्वनामांची व्यवस्था कशी केली आहे. यांतील एकाही कामाला पाच मिनिटांवर एक ग्रंथ लिहिण्याची गरज नाही. एका मानसशास्त्राच्या आणि एका भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने मिळून दोन वर्षांत यांतील एखादे पूर्ण करावे, इतपतच ते आहे.

अशी जोडी विद्यापीठात सहज जमत नाही, याची कल्पना आहे. प्रबंधाला एकच मार्गदर्शक असतो, परीक्षक एकाच विषयाचे असतात, आणि दोन विभागांच्या इमारतींत पुष्कळदा आवाराच्या दोन टोकांएवढे अंतर असते. तरीही थुंब आणि मार्बे यांनी १९०१ साली ते केले होते, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे. पुढच्या वेळी चिकित्सालयीन मानसशास्त्राच्या एखाद्या प्रयोगशाळेतील व्यक्तींची आणि त्यांच्या संशोधनविषयांची सूची छापली जाईल, तेव्हा तीत एका नावापुढे ‘रुग्णांची मराठी’ असा विषय लिहिलेला असावा, एवढी अपेक्षा व्यक्त करणे अयोग्य ठरू नये.